फ्लॅग फुटबॉल, प्लेऑफ आणि ‘आता कुणाचा नंबर?’

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेलो होतो, “रविवारी आमचा प्लेऑफ आहे, म्हणून रेकॉर्डिंग आजच उरकतोय.” त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, कसला प्लेऑफ, क्रिकेटचा का? नाही हो, फ्लॅग फुटबॉलचा. पुढचा प्रश्न ठरलेला होता: हे काय असतं? तर या भागात तेच सांगितलं, आणि हे त्याचं लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, दोन ठिकाणी आकडे चुकीचे बोललो होतो ते दुरुस्त केलेत. बाकी जसं बोललो तसं.

आधी पार्श्वभूमी. मी सिएटलच्या पूर्वेला, रेडमंडमध्ये राहतो. दिवसभर कोड लिहितो, संध्याकाळी पाठ दुखते. सप्टेंबरात ऑफिसातल्या एकीने विचारलं, “रविवारी सकाळी खेळायला येतोस का? माणूस कमी पडतोय.” मला वाटलं बॅडमिंटन असेल, म्हणून हो म्हटलं. अशा रीतीने मी एका हौशी लीगमधल्या संघात गेलो आणि तीन आठवड्यांत त्या संघाचा कॅप्टनही झालो. माझा खेळ बघून नाही. सगळ्यांकडून फी गोळा करणं, ग्रुपवर आठवण करून देणं आणि स्प्रेडशीट ठेवणं ही कामं मी करत होतो, म्हणून. खेळाचं म्हणाल तर संघात सर्वांत जास्त कॅच मी सोडले. हे मी नम्रपणे सांगत नाहीये, स्प्रेडशीटमध्येच आहे.

आता खेळ. अमेरिकन फुटबॉल तुम्ही सिनेमात पाहिलं असेल: हेल्मेट, खांद्यांवर ढालीसारखे पॅड आणि धडाधड एकमेकांवर आदळणं. फ्लॅग फुटबॉल म्हणजे त्यातली आदळाआपट काढून टाकलेला खेळ. प्रत्येकाच्या कमरेला एक बेल्ट, त्याला दोन्ही कुशींना एकेक कापडी पट्टी लटकलेली. ज्याच्या हातात बॉल आहे त्याची पट्टी ओढून काढली की तो ‘पडला’. बॉल तिथेच थांबतो. अंगाला हात लावायचा नाही, धक्का द्यायचा नाही, आणि बॉलवाल्यानेही स्वतःची पट्टी हाताने झाकायची नाही.

दोन्ही बाजूंना पाच-पाच जण. आंतरराष्ट्रीय नियमांत मैदान ५० यार्ड लांब, २५ यार्ड रुंद, आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एन्ड झोन. एक यार्ड म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. तुम्ही तुमच्या बाजूच्या ५ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात करता. चार प्रयत्नांत, म्हणजे चार ‘डाऊन’मध्ये, मैदानाचा मध्य ओलांडायचा. चार बॉलची ओव्हर म्हणा हवं तर. ओलांडलात की पुन्हा चार डाऊन, त्यात समोरच्या एन्ड झोनमध्ये बॉल न्यायचा. नेला तर टचडाऊन, ६ पॉइंट. नाही जमलं तर बॉल दुसऱ्यांकडे.

मोठ्या फुटबॉलपेक्षा मला यात एक गोष्ट फार आवडली. तिथे सेंटर, म्हणजे पायांमधून बॉल मागे देणारा, बिचारा सामनाभर धक्केच खात असतो. इथे तोसुद्धा बॉल मागे दिला की पळत सुटतो आणि कॅच घेऊ शकतो. पाचही जण उपयोगाचे. एकालाही लपवायला जागा नाही, हा त्याचाच दुसरा अर्थ, आणि तोच पुढे मला नडला.

लहानपणी मी सांगली जिल्ह्यात शाळेकडून कबड्डी खेळलोय, त्यामुळे मला वाटलं होतं की पट्टी ओढणं आपल्याला सोपं जाणार. उलट झालं. कबड्डीत चढाईवाला आत आला की हात आपोआप घोट्याला, मांडीला, कमरेला जातो. पकडून ठेवणं हाच तर खेळ. इथे पकडलं की रेफरीचा पिवळा रुमाल जमिनीवर. पहिल्या तीन सामन्यांत माझ्या नावावर चार वेळा होल्डिंगचा दंड लागला, दर वेळी आमच्या लीगच्या नियमाने दहा यार्ड. एक गोष्ट मात्र कबड्डीतली कामाला आली: समोरच्याच्या डोळ्यांकडे किंवा हातांकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं. खांदे हुलकावणी देतात, कंबर देत नाही.

हे सगळं ऑलिम्पिकमध्ये आहे, बरं का. लॉस एंजेलिसला २०२८ साली फ्लॅग फुटबॉल पहिल्यांदा खेळलं जाईल, पुरुषांचे सहा संघ आणि महिलांचे सहा. आणि तो निर्णय झाला कुठे? आपल्या मुंबईत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं, तिथे १६ तारखेला पाच खेळांना मंजुरी मिळाली. आपल्याकडच्या बातम्यांत क्रिकेट एवढं गाजलं की त्याच यादीत स्क्वॉश, लॅक्रॉस, बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि फ्लॅग फुटबॉल होतं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही नाही. मी तेव्हा ‘क्रिकेट आलं’ एवढंच स्टेटस टाकलं होतं. आणि हा फक्त अमेरिकेचा खेळ आहे असंही समजू नका. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्ये महिलांच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोने अमेरिकेला ३९-६ असं हरवलं, तेही अमेरिकेतच, बर्मिंगहॅममध्ये.

आमच्या लीगमध्ये अर्थात ऑलिम्पिकचं काही नाही. सार्वजनिक पार्कातलं कृत्रिम गवताचं मैदान, त्यातले काळे रबराचे दाणे मोज्यांतून घरभर. सामने रविवारी सकाळी, कारण दुपारी निम्म्या लोकांना घरी जाऊन सीहॉक्सची मॅच बघायची असते. स्त्री-पुरुष एकत्र खेळतात. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, घड्याळ थांबत नाही. फक्त शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. रेफरी म्हणजे बहुतेक वेळा कॉलेजातली पोरं, थंडीत नाक पुसत शिट्टी वाजवणारी. त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांबद्दल मला बरंच बोलायचंय, पण तो वेगळा भाग होईल.

आता प्लेऑफ. बारा संघ, आठ आठवडे, आठ सामने. वरचे आठ संघ पुढे जातात, आणि मग हरलात की घरी. पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा, असं. आमचे चार विजय, चार पराभव. पण चार-चार असलेले आम्ही तीन संघ होतो आणि जागा दोनच. आपसातल्या सामन्यांत अ ने ब ला हरवलेलं, ब ने क ला, क ने अ ला. म्हणजे गोल गोल. मग बघतात पॉइंटचा फरक: किती केले, किती खाल्ले. तोही एका सामन्यात वीसपर्यंतच धरतात, नाहीतर दुबळ्या संघाला कुणी साठ-शून्य धुवून काढेल. त्या हिशोबात आम्ही तीन पॉइंटनी सातवे आलो. आठ आठवड्यांत तीन पॉइंट! ऑक्टोबरातल्या एका ओल्या सकाळी, आम्ही वीसने हरत असताना, सेंटरने शेवटच्या मिनिटात एक टचडाऊन केला होता, ज्याला तेव्हा कुणी टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. तो नसता तर हा भागच झाला नसता.

अजून एक नियम सांगतो, कारण तो मला फार आवडतो. प्लेऑफमध्ये खेळायचं असेल तर आधीच्या आठपैकी निदान तीन सामन्यांत तुम्ही मैदानावर आलेले हवेत. कारण सरळ आहे: आठ आठवडे हौशी लोक चिखलात खेळणार, आणि नवव्या आठवड्यात कुणीतरी कॉलेजात खेळलेला तगडा भाऊ घेऊन येणार. आमच्यातल्याच एकाने तशी ऑफर आणली होती, ‘माझा मित्र येतो, तो सगळ्यांना खाऊन टाकेल’. त्याला नियम दाखवला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

आता आमच्या संघाबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. नऊ जण. मला बोलावणारी ती ऑफिसातली, ती आमची क्वार्टरबॅक, शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, हात सरळ. कोल्हापूरचा एक चाळिशीतला माणूस आहे, त्याला मी दादा म्हणतो, तर सगळा संघच त्याला दादा म्हणायला लागला, अगदी अमेरिकन पोरंसुद्धा. दादा क्रिकेटमध्ये डीपवरून थ्रो करायचा, त्याच खांद्याने हा लंबगोल बॉल फेकतो, आणि तो हवेत डुगडुगत का होईना, पोचतो. दादा दर रविवारी भडंग आणतो. आणि माझ्या बिल्डिंगमध्ये राहणारी एक नर्स, पन्नाशीला टेकलेली, फिलिपिन्सची. तिला आम्ही दोघं ताई म्हणायचो. तिला वाटलं हे मैदानावरचं टोपणनाव आहे, म्हणून तिने ते जर्सीवर छापून घेतलं. ताई शनिवारी रात्रपाळी करून थेट मैदानावर यायची. तिने आयुष्यात कधी बॉल फेकलेला नव्हता.

सप्टेंबरात मी ग्रुपवर एक नियम लिहिला होता. फी सगळ्यांची सारखी, तर खेळणंही सारखं. क्वार्टरबॅक आणि सेंटर ठरलेले, कारण ती कामं सगळ्यांना येत नाहीत. उरलेल्या तीन जागांसाठी बाकीच्यांची यादी. बॉल आपल्याकडे आला की यादीतले तीन आत, पुढच्या वेळी त्यानंतरचे तीन, असं फिरत राहायचं. मधे कुणी दमला किंवा लागलं, तर यादीतला पुढचा नंबर आत. मी प्रोग्रामर माणूस, मला रांग लावायला सांगा. आठ सामने हे मख्खन चाललं. कुणी भांडलं नाही.

उपांत्यपूर्व सामना, सकाळी आठ वाजता. नोव्हेंबरात इथे साडेसातपर्यंत नीट उजाडत नाही. थर्मासातला चहा ओतला की कपातून वाफ आणि तोंडातून वाफ, कुठली कुठली ते कळत नव्हतं. आम्ही आठ जण होतो. समोर दुसऱ्या क्रमांकाचा संघ, त्यांच्याकडे बारा. त्यांचा रशर म्हणजे बिबट्या. रशर कोण, तर सात यार्डांवरून सुरू करून थेट क्वार्टरबॅककडे धावणारा. त्याला बघून आमची क्वार्टरबॅक म्हणाली, “मला आज विचार करायला दोन सेकंद मिळणार.” तिला तेवढेही मिळाले नाहीत.

पहिल्या हाफला आम्ही ७-१४ मागे. दुसऱ्या हाफमध्ये टचडाऊन केला, १३-१४. आता इथे थोडं थांबून एक गणित समजून घ्या, कारण सगळा भाग त्यावर उभा आहे.

टचडाऊननंतर एक जादा प्रयत्न मिळतो. तुम्ही निवडायचं: ५ यार्डांवरून केलात तर १ पॉइंट, १० यार्डांवरून केलात तर २. ऐकायला सोपं वाटतं, जवळून सोपं, लांबून अवघड. पण एक गोम आहे. एन्ड झोनच्या आधीच्या शेवटच्या ५ यार्डांत बॉल घेऊन पळत आत घुसायला बंदी असते, तिथून फक्त पास चालतो. हे मुद्दाम केलंय, नाहीतर एवढ्याशा जागेत सगळे कमरेवर कोसळतील. म्हणजे १ पॉइंटच्या वेळी बचाव करणाऱ्यांना माहीत असतं की पास येणार. २ पॉइंटच्या वेळी पळणं पण शक्य, पास पण शक्य, आणि त्यांना दोन्ही सांभाळावं लागतं. त्यामुळे लांबचं तितकं लांब राहत नाही.

तर १३-१४ असताना आम्ही १ पॉइंट घ्यायला गेलो. पास आला माझ्याकडे. छातीवर. मी सोडला.

मग त्यांनी टचडाऊन केला, त्यांचाही जादा प्रयत्न फसला, १३-२०. वेळ संपत आलेली. आमच्याकडे बॉल आला तेव्हा यादीप्रमाणे आत होतो मी, दादा आणि आमच्यातला एक उंच पोरगा. पुढच्या तिघांत पहिला नंबर ताईचा. मी त्या मालिकेत अजून एक कॅच सोडला. तिसऱ्या डाऊनला क्वार्टरबॅकने दादाला कोपऱ्यात गाठलं. टचडाऊन! १९-२०. घड्याळात १९ सेकंद. माझा तो सोडलेला कॅच आता बोर्डावर स्पष्ट दिसत होता, एका पॉइंटच्या रूपात.

मी टाइमआऊट घेतला. प्रश्न: १ घेऊन बरोबरी करायची आणि ओव्हरटाइमला जायचं, की २ साठी जाऊन जिंकायला बघायचं?

माझ्या स्प्रेडशीटमध्ये आठ सामन्यांचे ३२ जादा प्रयत्न होते. १ पॉइंटचे २१, त्यात यश १४ वेळा, म्हणजे ६७ टक्के. २ पॉइंटचे ११, यश ४ वेळा, म्हणजे ३६ टक्के. बघताक्षणी वाटतं, १ घ्या. पण १ घेऊन आपण जिंकत नाही, फक्त बरोबरी होते. ओव्हरटाइम निम्मा-निम्मा धरला तर ६७ चे निम्मे, साधारण ३३ टक्के. आणि निम्मा-निम्मा तरी का धरायचा? ते बारा जण ताजेतवाने, आम्ही आठ धापा टाकत होतो. तेव्हा ३६ विरुद्ध फार तर ३३. अकरा प्रयत्नांवरून टक्केवारी काढणं हे संख्याशास्त्राच्या सरांनी बघितलं असतं तर कान धरला असता, मान्य. पण त्या क्षणी तेवढंच हातात होतं. हडलमध्ये मी म्हटलं, दोन. कुणी नाही म्हटलं नाही.

मग मी दुसरं गणित केलं, जे कुणी विचारलं नव्हतं. माझ्यावर नेमलेला त्यांचा बचावपटू माझे दोन सुटलेले कॅच बघून माझ्याकडे लक्षच देत नव्हता. तो मोकळा मधे उभा राहून इतरांचे पास हुंगत होता. मी मैदानावर असणं म्हणजे त्यांना एक माणूस फुकट. मी बाहेर आलो आणि आमच्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या पोराला हाक मारली, “तू जा.” तो पळतो हे सगळ्यांना माहीत होतं. दोन सेकंदांचं काम. मला त्या वेळी स्वतःबद्दल बरंच बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. कॅप्टनने स्वतःला बसवलं, वगैरे.

डाव असा: क्वार्टरबॅकने बॉल दादाच्या हातात दिला, दादा उजवीकडे पळाला. सगळा बचाव उजवीकडे. कॉलेजवाला पोरगा उजव्या कोपऱ्यात सुसाट, आणि तो मोकळा बचावपटू आता नाइलाजाने त्याच्या मागे. क्वार्टरबॅक मात्र बॉल दिल्यावर काही काम नसल्यासारखी डावीकडे सरकत गेली. बिबट्या दादाच्या पट्टीवर झेपावला, त्याआधी दादाने मैदानाच्या आडव्या रुंदीवर, डीप पॉइंटवरून विकेटकीपरला फेकावा तसा थ्रो मारला. हे आम्ही दोनदा सराव केलं होतं, पार्किंगमध्ये, दोन्ही वेळा बॉल गाड्यांखाली गेला होता. या वेळी ती डाव्या कोपऱ्यात एकटी होती. पकडला.

२१-२०. उरलेल्या १९ सेकंदांत त्यांनी एक पास मधल्या रेषेपर्यंत नेला आणि वेळ संपली. आम्ही लहान पोरांसारखे नाचलो. दादा मला म्हणाला, “लेका, तू बाहेर गेलास ते बरं केलंस,” आणि मला ते फार गोड लागलं.

उपांत्य सामना दहाला होता. मधे तासभर वेळ. भडंग फिरत होतं. ताई माझ्या शेजारी येऊन बसली, बूट सोडून मोज्यांतलं रबर झटकत. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, “तू बाहेर आलास ना, तेव्हा मी उठले होते. बेल्ट घट्ट केला. तोंडात गार्ड घातलं.”

मला कळेना ती काय सांगतेय. मग कळलं. कुणी बाहेर आला तर यादीतला पुढचा नंबर आत. पुढचा नंबर ताईचा होता. नियम माझा. मी स्वतःला बाहेर काढलं एवढंच मला दिसलं होतं, तिला ओलांडून पुढच्याला हाक मारली हे दिसलंच नव्हतं. आणि ती माझ्यापासून चार पावलांवर उभी होती.

मी म्हटलं, ताई, सॉरी, घाईत झालं. ती म्हणाली, “घाईत नाही झालं. तू बरोबर केलंस. मी असते तर जिंकलो नसतो. पण मग मला सांग, दहाच्या सामन्यात माझा नंबर आला आणि वेळ कमी असेल, तर मी उठू का बसून राहू? म्हणजे मी उगाच बेल्ट बांधणार नाही.”

ती चिडलेली नव्हती, खरंच विचारत होती. मला चिडलेली चालली असती.

हौशी लीगच्या प्लेऑफबद्दल कुणी विचारलं तर लोक बोर्डावरचे आकडे सांगतात. पण प्लेऑफने आमच्या खेळाचा एकही नियम बदलला नव्हता. मैदान तेच, बेल्ट तेच, डाऊन चारच. बदललं काय, तर एकेका डाऊनची किंमत. सप्टेंबरात ताईने कॅच सोडला की आम्ही “हरकत नाही” म्हणायचो, आणि ते खरं असायचं, कारण पुढचा रविवार होता. पुढचा रविवार नसला की ‘सगळे सारखे’ हे वाक्य महाग पडतं. आठ आठवडे मी ते स्वस्तात वापरत होतो, एवढंच.

मी बाकीच्यांना विचारलं. कॉलेजवाला पोरगा म्हणाला, आता जिंकायलाच आलोय तर चांगले पाच खेळवू. क्वार्टरबॅक म्हणाली, तुझी यादी आहे, तू ठरव. दादा काहीच बोलला नाही, जे त्याच्या बाबतीत फार क्वचित होतं. शेवटी मी म्हटलं, यादीप्रमाणे. शेवटच्या सेकंदापर्यंत यादीप्रमाणे.

उपांत्य सामना आम्ही १३-२६ असा हरलो. समोरचा तिसऱ्या क्रमांकाचा संघ आमच्यापेक्षा सरळ सरळ चांगला होता. यादीमुळे हरलो असं मी म्हणणार नाही, यादी नसती तर जिंकलो असतो असंही नाही. ताईच्या हातून एक सोपा पास सुटला, माझ्या हातून एक. बचावात मात्र तिने त्यांच्या सर्वांत वेगवान खेळाडूची पट्टी ओढली, तो आतल्या बाजूला वळणार हे तिला आधीच कळलं होतं. मी नंतर विचारलं, कसं? म्हणाली, “रात्रभर म्हातारे पेशंट पलंगावरून कुठल्या बाजूने उठणार ते बघत असते.” म्हणजे कंबर! मला कबड्डीने शिकवलं, तिला वॉर्डने.

परत येताना गाडीत दादाचं आणि माझं वाजलं. तो म्हणाला, “तू सकाळी एक नियम केलास आणि दहाला दुसरा. कुठलाही एक ठेवला असतास तरी चाललं असतं.” मी म्हटलं, दहाला केला तो जुनाच होता. तो म्हणाला, “मग सकाळचा विजय कुठल्या नियमाने?” कोल्हापूरची माणसं वादात सोपी नसतात. घरापर्यंत आम्ही बोललो नाही, उतरताना त्याने उरलेलं भडंग माझ्या हातात दिलं.

त्या आठवड्यात ताईने ग्रुपवर एक मेसेज टाकला. तिचं म्हणणं असं: हॉस्पिटलात कुणाला आधी बघायचं हे रोज ठरतं, आणि ज्याला थांबावं लागतं त्याला राग येतोच, पण आधी सांगितलेलं असलं की तो खुर्चीत बसून राहतो. तेव्हा नियम असा लिहा: यादी सगळ्या सामन्यांत चालेल, फक्त प्लेऑफच्या शेवटच्या दोन मिनिटांत, घड्याळ थांबायला लागतं तेव्हापासून, कॅप्टन हवे ते पाच निवडेल. आणि हे फी भरायच्या आधी सगळ्यांना कळलं पाहिजे.

मी याच्या विरोधात लिहिलं. शेवटची दोन मिनिटं सोडून बाकी सगळं सारखं, म्हणजे सारखं कसलं? शिवाय निवडायचं काम माझ्यावर येणार होतं, हेही कारण होतं, आणि ते मी लिहिलं नाही. मग मतदान घेतलं. नऊ जण. ताईच्या बाजूने सहा, विरोधात तीन: मी, सेंटर आणि दादा. दादाने का, ते त्याने सांगितलेलं नाही.

वसंतातली लीग मार्चमध्ये सुरू होते. नोंदणीच्या फॉर्मसोबत आता तो नियम जोडलेला आहे, मीच टाइप केलाय. पहिली फी ताईची आली.